थोरलीच्या गॅसमध्ये कुणाचं तोंड

ज्या वर्षी आत्याने ऐंशीत पाऊल टाकता टाकता दुसरं लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात कुणी कुठल्याही जुन्या गोष्टीचं साल विचारलं, की अजूनही उत्तर "आत्याच्या लग्नाआधी" किंवा "आत्याच्या लग्नानंतर" असंच मिळतं. कॅलेंडर कुणी बघत नाही.

नवरदेव ब्याऐंशीचे होते. सगळी हयात बँडमध्ये ट्रंपेट वाजवण्यात गेलेली. दात सगळे स्वतःचे, छाती अजून फुगलेली, आणि कान मात्र सोयीपुरते चालत. आत्याने लग्नाच्या महिनाभर आधीच भाच्याला आणि भाचीला समोर बसवून सांगितलं होतं, "यांना आतोबा म्हणायचं. आत्तापासून सवय लावा. ऐनवेळी जीभ अडखळायला नको."

भाचा तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता आणि भाची साठीची. या वयात नवा आतोबा मिळण्याची दोघांनाही गंमतच वाटत होती.

भाच्याला मंडईत सगळे टाकीमामा म्हणत. मंडईच्या मागच्या आवारात, गाळे संपतात तिथे, जमिनीत पुरलेली एक मोठी सिमेंटची टाकी होती आणि तिच्यावर उपडा घातलेला लोखंडी ड्रम. मंडईतली सडकी भाजी, फुटलेली फळं, देठं, पाला, सालं असं सगळं बारीक करून मामा त्या टाकीच्या तोंडात ओतत. आत ते कुजे, कुजताना गॅस सुटे, गॅसने ड्रम वर उचलला जाई. ड्रम वर आला की मामांचा चेहरा खुले आणि खाली बसला की पडे. एकोणीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. टाकीला ते थोरली म्हणत, कारण घरातल्या थोरल्या बाईसारखीच ती होती: खायला घातलं तर गुणगुणायची, चुकीचं घातलं तर दोन-दोन दिवस रुसायची. कलिंगड तिला फार आवडे. लिंबं अजिबात चालत नसत. लिंबाच्या दोन टोपल्या पोटात गेल्या की तिला आंबट ढेकर यायला लागत, ड्रम खाली बसे, आणि मग मामा चुन्याची निवळी पाजत तिची समजूत काढत बसत.

आता एवढ्या गॅसचं करायचं काय, तर आवाराच्या भिंतीपलीकडेच मंडईचं कँटीन होतं आणि कँटीन चालवायची मामांची सख्खी बहीण. तिला सगळे ताई म्हणत. दोघांच्या मध्ये एक भिंत आणि एक नळी होती. नळी टाकीपासून थेट ताईच्या शेगडीपर्यंत आलेली. शेगडी चकचकीत, दोन तोंडांची, खास याच गॅससाठी बसवलेली. आणि ताईने ती एकोणीस वर्षांत एकदाच पेटवली होती.

त्या एकदाच पेटवल्याचीही कथा होती. पेटवल्या पेटवल्या सडक्या अंड्याचा वास सुटला. समोर बसलेल्या बटाटेवाल्याने निरागसपणे विचारलं, "ताई, आज अंडी जुनी आहेत का?" ताई त्या दिवसापासून त्या शेगडीवर कुंडी ठेवायची. कोरफडीची. मामांनी पुढे त्या गॅसला गाळायला लोखंडाच्या किसाचा डबा बसवला, वास गेला, तरी कुंडी हलली नाही.

"तुझ्या थोरलीच्या ढेकरांवर मी अंडी उकडायची?" ताई म्हणे. "शिवाय त्यातून जंतू उडत येतात. मला माहीत आहे."

"कोण म्हणालं?"

"बुडबुडा फुटला की तुषार उडतो. तुषारावर जंतू बसतो. बसला की निघाला तुझ्या नळीतून माझ्या भातात. यात कुणी म्हणायला कशाला हवं? दिसतंय की."

"ताई, दिसत नाहीत म्हणूनच त्यांना जंतू म्हणतात."

"तेच तर! दिसले असते तर मी झाडूने हाकलले नसते का?"

इतके दिवस हे भांडण चहाबरोबर तोंडी लावायला होतं. त्या वर्षी मात्र मंडईचे साहेब बदलले. नवे साहेब आवारात आले, ड्रमकडे बघितलं, वर आकाशात जळून जाणाऱ्या ज्योतीकडे बघितलं, कारण न वापरलेला गॅस मामा नुसता जाळून टाकत, आणि म्हणाले, "मामा, हा गॅस कुणाच्या उपयोगाचा?"

"कँटीनच्या, साहेब."

"कँटीन वापरतं?"

मामा ड्रमवरचा पाला झटकायला लागले.

"महिनाअखेरीपर्यंत कँटीनची शेगडी या गॅसवर पेटली पाहिजे. नाही पेटली तर टाकी बुजवून इथे गाड्या लावायला जागा करू. तुम्ही फाटकावर बसा, गाड्यांच्या चिठ्ठ्या फाडा."

मामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. फाटकावर बसून चिठ्ठ्या फाडायच्या! गाडीला काय आवडतं, काय नाही, हे कोण बघणार? ते तडक ताईकडे गेले. ताई बहिणीसारखी वागली, म्हणजे आधी खूप बोलली आणि मग थोडी विरघळली.

"हे बघ धाकट्या. अठ्ठावीस तारखेला आत्याचं लग्न. कचेरीत सह्या झाल्या की चाळीस माणसं इथे जेवायला येणार. कुणीतरी शिकलेल्या माणसाने मला लिहून द्यावं की तुझ्या गॅसमध्ये जंतू नाहीत. मी आत्याचं जेवण त्या शेगडीवर करीन. पण लिहून हवं. तुझ्या तोंडी शब्दावर नाही."

साहेबांनी मग प्रयोगशाळेतल्या एका बाईंना बोलावलं. पंधरा तारखेला त्या आल्या. पांढरा अंगरखा, जाड चष्मा, आणि दोन पेट्या. पेट्यांमध्ये झाकणाच्या काचेच्या चपट्या बशा होत्या आणि बशांमध्ये खळीसारखा थिजलेला थर. मंडईने अर्ध्या तासात त्यांचं नाव बशीबाई ठेवलं.

बशीबाईंनी मामांना सगळं नीट समजावून सांगितलं. एक छोटं यंत्र होतं. त्याच्या पोटात बशी ठेवायची, गॅस नळीने आणून बारीक फटींतून बशीवर सोडायचा. गॅसबरोबर उडत आलेले जीव त्या थरावर चिकटतात. मग बशी दोन दिवस उबेत ठेवायची. जिथे एक जीव पडला तिथे त्याचं कुटुंब वाढतं आणि ठिपका दिसायला लागतो. ठिपके मोजायचे.

"म्हणजे थोरलीचे पाहुणे मोजायचे," मामा म्हणाले.

"तसंच समजा. फक्त एक करा. मी सांगितल्याशिवाय कशालाही हात लावू नका."

"छे! मी कशाला लावतो?"

आणि मग तो घोळ झाला. टाकीच्या नळीला गॅस तपासायची एक तोटी होती. तिचं तोंड रुंद. यंत्राची रबरी नळी बारीक. एक दुसरीत बसेना. बशीबाई म्हणाल्या, "माझ्या गाडीत जोडतुकडा असेल, बघून येते," आणि फाटकाकडे गेल्या. गेल्या त्या साहेबांच्या तावडीत सापडल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मामांचा जीव खालीवर. थोरलीचा ड्रम आज चांगला फुगला होता, तिचा दिवस छान होता. अशा दिवशीच परीक्षा व्हायला हवी. उद्या कुणी एखादं लिंबू टाकलं तर?

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि हाताला एक पितळी वस्तू लागली.

ती आतोबांची होती. आतोबांचं सामान दोन दिवसांपूर्वीच मामांनी हातगाडीवरून आपल्या घरी, आत्याच्या खोलीत आणून टाकलं होतं. ट्रंपेटची पेटी गाडीवर हिंदकळली, झाकण उघडलं आणि ट्रंपेटच्या तोंडाचा तुकडा रस्त्यावर पडला, ज्याला ओठ लावून फुंकतात तो. एका बाजूला छोटीशी वाटी, दुसऱ्या बाजूला निमुळती नळी. आतोबा त्याला प्रेमाने "माझा पितळी ओठ" म्हणत. मामांनी तो उचलून खिशात टाकला, घरी गेल्यावर देऊ म्हणून, आणि साफ विसरले.

त्यांनी तो पितळी ओठ तोटीला लावून बघितला. वाटी तोटीत गच्च बसली. निमुळती नळी रबरी नळीत सुळकन शिरली. जणू त्याच कामासाठी घडवला होता. मामांनी तो काढून सदऱ्याच्या टोकाने एकदा पुसला, पुन्हा बसवला आणि वर चिंधी गुंडाळली.

बशीबाई रिकाम्या हाताने परत आल्या. "जोडतुकडा मिळाला नाही हो."

"बसलं की! जरा दाबलं, बसलं," मामा म्हणाले.

बाईंनी चिंधीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि यंत्र सुरू केलं. तीन बशा भरल्या. निघताना त्या म्हणाल्या, "ही जोडणी तशीच असू द्या, परत लागली तर."

सतरा तारखेला निकाल आला. कँटीनच्या मोठ्या टेबलावर बशीबाईंनी तीन बशा मांडल्या. तिन्ही ठिपक्यांनी गच्च भरलेल्या. पांढरे, पिवळट, आणि मधेमधे सुरेख गुलाबी.

ताईने बशांकडे एकदा पाहिलं आणि कोरफडीला पाणी घातलं.

"संपलं," मामा खुर्चीत बसले.

"थांबा," बशीबाई चष्मा वर करत म्हणाल्या. "यात एक विचित्र गोष्ट आहे. टाकीत जे जीव राहतात त्यांना हवा सोसत नाही. हे तसे नाहीत. हे मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हे माणसाच्या तोंडात राहणारे आहेत."

"कुणाच्या तोंडात?" साहेबांनी विचारलं.

"ते मला काय ठाऊक! पण तोंडातले आहेत. आणि हा गुलाबी तर मी अजून कुणाच्या तोंडात पाहिलेला नाही."

सगळेजण गुलाबी ठिपक्यांकडे बघत राहिले. मग साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे कुणीतरी माझ्या टाकीत थुंकतंय!"

कालपर्यंत जी टाकी बुजवायची होती ती आता साहेबांची झाली होती. पण गडी पेटला तो पेटलाच. त्यांनी हुकूम काढला: मंडईतल्या प्रत्येकाने कँटीनमध्ये येऊन एका बशीवर तोंड उघडून फुंकायचं. ज्याच्या बशीत गुलाबी उगवेल तो गुन्हेगार. "आणि कुणी मुद्दाम या तपासणीत ढवळाढवळ केली असेल," ते पुढे म्हणाले, "तर तो दुसऱ्या दिवशी फाटकावर. मग तो कुणीही असो."

ती रांग बघण्यासारखी होती. बटाटेवाला तीनदा दात घासून आला होता. कांदेवाल्याने फुंकलं तेव्हा बशीबाईंनी मान फिरवली. पहारेकऱ्याने इतक्या जोरात फुंकलं की झाकण उडून ताईच्या पिठात पडलं. ताईने फुंकण्याऐवजी बशीला चार गोष्टी सुनावल्या. बाई म्हणाल्या, चालेल, तेवढ्यात पुरेसे पडले असतील. मामांनी घाबरत घाबरत एक फुंकर घातली.

आत्या आतोबांना घेऊन लग्नाच्या जेवणाचा बेत ठरवायला तिथेच आली होती. रांग बघून ती म्हणाली, "मला का वगळता? मला तोंड नाही का?"

"आत्या, तू मंडईत कामाला नाहीस," मामा म्हणाले.

"म्हणून काय झालं? अहो, तुम्हीपण या," ती आतोबांना हाताला धरून पुढे घेऊन आली. "लग्नाआधी दोघांची तपासणी झालेली बरी. फुकटात होतेय."

आतोबांना फुंका म्हटल्यावर साठ वर्षांची सवय जागी झाली. त्यांनी पाय रोवले, पोट आत घेतलं, गाल फुगवले आणि ओठ आवळून बशीवर असा काही स्वर काढला की बाहेर कोबीच्या ढिगावर बसलेल्या चिमण्या उडाल्या. आत्याने चौफेर नजर फिरवली. बघा, माझा नवरदेव.

एकोणीस तारखेला दुपारी चार वाजता सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावणं आलं. त्याआधी तासभर मामा थोरलीजवळ बसून होते. बशीबाई आवारातून जाताना म्हणाल्या, "गुलाबी सापडला, मामा. तुमच्या आतोबांच्या बशीत. गच्च." आणि त्या पुढे गेल्या.

मामा हसणारच होते. आतोबा आणि टाकीत? आणि मग त्यांची नजर तोटीवरच्या चिंधीवर गेली.

त्यांनी चिंधी सोडली. पितळी ओठ तिथे तसाच होता. त्यांनी तो उपसून आत डोकावलं. आत कित्येक वर्षांचा हिरवट काळपट थर होता, आणि त्या थराच्या कडेला, नीट पाहिलं तर, किंचित गुलाबी.

"थोरले," मामा टाकीला म्हणाले, "मी मेलो."

टाकीने एक बुडबुडा सोडला.

मामांनी ठरवलं, हा तुकडा गुपचूप उकळायचा, स्वच्छ करायचा आणि पेटीत ठेवून द्यायचा. कँटीनमध्ये कुणी नव्हतं. ताई मागे भांडी आणायला गेली होती. तिच्या जुन्या चुलीवर पाण्याची मोठी किटली उकळत होती. मामांनी झाकण उचललं, तुकडा आत सोडला, झाकण लावलं. तेवढ्यात पावलं वाजली आणि ते टेबलाशी जाऊन साळसूदपणे बसले.

साहेब आले, बशीबाई आल्या, आत्या आणि आतोबा आले. साहेबांनी आतोबांची बशी सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही टाकीपाशी काय करत होता?"

"मी? कुठली टाकी?"

"आता ऐकू येत नाही म्हणू नका," आत्या म्हणाली.

"अगं, ऐकू येतंय. पण मी तिथे कधी गेलोच नाही."

"मग तुमचं तोंड तिथे काय एकटंच गेलं?"

"काय सांगू! माझं तर माझ्याजवळच आहे," आतोबा खरोखर चाचपून म्हणाले.

साहेबांनी निकाल दिला. "हे बघा, यात टाकीचा दोष दिसत नाही. माणसाचा आहे. या आजोबांना आवारात यायला बंदी. उद्या पुन्हा तपासणी करू. टाकीला आणखी एक संधी."

मामांच्या छातीवरचा दगड उतरला. टाकीला संधी! फक्त गप्प बसायचं होतं. आतोबांना बंदी झाली तर काय बिघडलं? त्यांना तिथे यायचंच नव्हतं.

पण आत्या उठली. खांद्यावरचा पदर नीट केला. आवाज शांत होता, आणि आत्याचा आवाज शांत झाला की घरात सगळे घाबरत. "ताई, अठ्ठावीसचं जेवण राहू दे. पहिला नवरा माझा वाईट नव्हता, पण खोटं बोलायचा. चाळीस वर्षं मी ते गिळलं. आता परत कोण गिळणार? वेळही नाही उरलेला."

आतोबांनी टेबलावरची आपली बशी उचलून डोळ्यांजवळ धरली.

जाण्याआधी चहा तरी घ्या, म्हणून ताईने चहा केला. किटलीतलं पाणी घेतलं, पत्ती, साखर, दूध. सगळ्यांपुढे कप आले. साहेबांनी घोट घेतला, भुवया उंचावल्या. "आज चहाला काहीतरी वेगळीच चव आहे."

"वाईट?" ताईने डोळे रोखले.

"नाही नाही. भारदस्त आहे."

आत्याने घेतला. आतोबांनी घेतला. बशीबाईंनीसुद्धा घेतला. मामांनी कप पुढे सरकवला.

"तू का घेत नाहीस?" ताई म्हणाली.

"नको."

"नको? तू आणि चहाला नको? ताप आलाय का?"

"नको म्हटलं ना, ताई."

"धाकट्या," ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तू लहानपणी माझ्या बाहुलीचे केस कापलेस, त्या दिवशी दूध नको म्हणालास. तेव्हापासून आज पहिल्यांदा नको म्हणतो आहेस. काय केलंस?"

मामांनी साहेबांकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं, जिच्यापलीकडे ड्रम छान फुगून बसला होता. मग आत्याकडे. आत्या पिशवी उचलून निघाली होती आणि आतोबा तिच्यामागून, तिला खटकणार नाही अशा बेताने, दोन पावलं अंतर ठेवून चालले होते.

"किटली ओत," मामा म्हणाले.

ताईने किटली मोरीत उपडी केली. खणकन आवाज करत पितळी ओठ बाहेर पडला आणि गरगर फिरत राहिला.

"माझा ओठ!" आतोबा ओरडले. एवढं स्पष्ट त्यांना कधी ऐकू आलं नव्हतं.

मग मामांनी सगळं सांगितलं. हातगाडी, खिसा, रुंद तोटी, बारीक नळी, चिंधी. बोलता बोलता ते उभे राहिले होते. "आतोबा तिथे गेले नव्हते, आत्या. त्यांचं तोंड मी नेलं होतं."

आत्या पिशवीसकट खाली बसली. आधी तिचे खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग ती इतकी हसली की बशीबाईंनी तिला पाणी दिलं. पाणी किटलीतलंच होतं का, हे तिने आधी विचारून घेतलं. साहेबांनी आपल्या रिकाम्या कपाकडे पाहिलं.

"हे टाकीवर लावलेलं होतं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"चार दिवस," मामा म्हणाले.

"आणि आता चहात?"

"उकळलेलं आहे, साहेब. उकळल्यावर काही राहत नाही. विचारा बाईंना."

"राहत नाही," बशीबाई म्हणाल्या, पण त्यांनीही कप लांब सरकवला. मग म्हणाल्या, "साहेब, यात माझीही चूक आहे. चिंधीखाली काय आहे हे मी बघायला हवं होतं. मी उद्या योग्य जोडतुकडा लावून पुन्हा बशा घेते. आणि या वेळी कँटीनच्या हवेच्याही घेते, तुलना करायला."

साहेब बोलल्याला जागले. मामा वीस तारखेपासून फाटकावर बसले. गाड्या येत, जात. मामा चिठ्ठी फाडत आणि लांबून ड्रमकडे बघत. थोरलीला खाऊ घालायला पहारेकऱ्याला नेमलं होतं. माणूस चांगला, पण त्याला वाटे, पोट म्हणजे पोट, टाका काहीही. बावीस तारखेला त्याने लिंबाच्या सहा टोपल्या टाकल्या. तेवीसला ड्रम वीतभर खाली आला. पंचवीसला तो पूर्ण खाली बसला आणि आवारात असा आंबट वास सुटला की साहेबांनी कार्यालयाच्या खिडक्या लावून घेतल्या.

"मामा," साहेब स्वतः फाटकावर आले, "तिला काय झालंय?"

"जळजळ."

"मग काय करायचं?"

"मी करायचं," मामा म्हणाले आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक साहेबांच्या हातात देऊन आवाराकडे चालू लागले. साहेब जरा वेळ तिथे उभे राहिले. एक गाडी आली. त्यांनी चिठ्ठी फाडली.

चुन्याची निवळी, कोमट पाणी, टाकीतूनच पूर्वी काढून ठेवलेल्या राड्याच्या दोन बादल्या, आणि तीन दिवस पूर्ण उपास. मामा तिच्याजवळून हलले नाहीत. सत्तावीसला पहिला बुडबुडा आला. अठ्ठावीसच्या सकाळी ड्रम हातभर वर उचलला गेला होता.

त्याच सकाळी बशीबाई आल्या. या वेळी त्यांनी बशा दोन नव्हे, सात दिवस उबेत ठेवल्या होत्या, कुणी शंका घेऊ नये म्हणून. चाळीस माणसांच्या भाज्या चिरून तयार होत्या. ताई हात पुसत आली. बाईंनी एका बाजूला गॅसच्या तीन बशा मांडल्या. एकीत दोन ठिपके, दुसरीत एक, तिसरी कोरी. मग दुसऱ्या बाजूला आणखी तीन मांडल्या. त्या मोजायला बाईंनाच चष्मा पुसावा लागला. एकेचाळीस, अडतीस आणि त्रेपन्न.

"या कसल्या?" ताईने विचारलं.

"तुमच्या कँटीनच्या हवेच्या."

ताईने बोट धरून सगळे ठिपके स्वतः पुन्हा मोजले. मामांनी तोंड उघडायचा शहाणपणा केला नाही.

"म्हणजे याच्या गटारापेक्षा माझ्या स्वयंपाकघरात जास्त?"

"त्यात वाईट काही नाही. इथे माणसं असतात, येतात, जातात, बोलतात," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही जरा जास्त बोलता."

कचेरीत जायच्या तयारीने येऊन बसलेल्या आत्याला हसू आवरेना, तिला परत पाणी द्यावं लागलं.

ताईने शेगडीवरची कुंडी उचलली. ती बाजूला कुठे ठेवावी हे तिला पटकन सुचेना, तेव्हा तिने ती मामांच्या हातात दिली. मग काडी ओढली. निळी ज्योत फुरफुरत आली आणि स्थिर झाली. वास आला नाही. तरी ताईने तीनदा नाक पुढे करून बघितलं आणि मग पातेलं चढवलं. "फुंकर घालू नकोस," ती मामांना म्हणाली, "तुझी फुंकर लागली तर पुन्हा सात दिवस थांबावं लागेल."

कचेरीतून सह्या करून सगळे आले. जेवण झालं. बटाटेवाल्याने या वेळी कशालाच जुनं म्हटलं नाही. शेवटी आतोबांनी पेटी उघडली, पितळी ओठ ट्रंपेटला लावला, पाय रोवले. पहिला स्वर निघाला तो बुडबुड्यासारखा, थोरलीच्या ढेकरासारखा हुबेहूब. सगळे खो खो हसले. आतोबांनी तो तुकडा काढला, झटकला, पुन्हा लावला, आणि मग जे वाजवलं त्यात भांडी घासणाऱ्या बायकाही हात थांबवून उभ्या राहिल्या. वाजवून झाल्यावर त्यांनी बशीबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "आता माझं तोंड परत तपासाल का? टाकीतलं कुणी राहायला आलं असलं तर हिला आधी सांगितलेलं बरं."

टाकी बुजवली नाही. मामा निवृत्त होईपर्यंत तिच्याजवळ होते, आणि फाटकावर चिठ्ठ्या फाडायला पहारेकरी. पितळी ओठ पुढे कपाटात फडक्यात गुंडाळून राहिला. आतोबा लग्नानंतर सहाव्या वर्षी, ताईच्या नातीला पहिला दात आला त्या आठवड्यात, बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या वारले. त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी होतं. आत्या त्यानंतर अकरा महिन्यांनी, रविवारी पहाटे गेली.